दुरुस्तीला दिली, वापरायला नाही

खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी कोथरूडला घरी होते आणि गाडी सर्व्हिसिंगला दिलेली होती. मध्यरात्रीनंतर त्याच नाक्याचा परतीचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेले तर किलोमीटर सव्वाशेच्या आसपास वाढलेले, सीट मागे सरकवलेली आणि आत सिगारेटचा वास. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, ट्रायल तर घ्यावीच लागते."

त्या गाडीतून मी आईला दवाखान्यात नेते. रात्रीच्या वेळी सातारा रस्त्यावर कोणाला धडक बसली असती, तर पोलिसांचा फोन आधी मलाच आला असता. हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेला नाही. पुढं तक्रार करताना, वकील मैत्रिणीशी बोलताना आणि नंतर दुसऱ्या गॅरेजांमध्ये जाता-येता जे शिकले, ते इथं लिहिते आहे.

१. किलोमीटरचा आकडा जॉब कार्डावर उतरल्याशिवाय किल्ली देऊ नये.

जॉब कार्डावर किलोमीटरचा रकाना असतो, इंधनाच्या काट्याचं चित्र असतं, गाडीच्या आराखड्यावर ओरखडे दाखवायची जागा असते. गर्दीच्या वेळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ते कोरं ठेवतो किंवा "पाव टाकी" असं अंदाजानं लिहितो. आपण थांबून भरून घ्यावं. शिवाय डॅशबोर्डचा फोटो तिथंच उभं राहून काढावा, किलोमीटर आणि इंधनाचा काटा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा, आणि तो लगेच गॅरेजच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पाठवावा. आपल्या फोनमध्ये पडून राहिलेल्या फोटोपेक्षा समोरच्याला वेळेवर मिळालेला फोटो फार उपयोगी पडतो, कारण त्यावर तारीख-वेळ असते आणि "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. गाडी विजेवरची असेल तर किलोमीटरबरोबर बॅटरीची टक्केवारीही टिपावी.

गॅरेजवाले घरून गाडी नेत असतील तर जाण्या-येण्याचं अंतर आधीच नकाशावर मोजून ठेवावं. ते वजा केल्याशिवाय हिशेब लागत नाही, आणि चुकीचा हिशेब घेऊन भांडायला गेलं की आपलीच बाजू पडते.

२. ट्रायल लागते, हे खरं आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम वर लिहिते आहे. प्रत्येक वाढलेला किलोमीटर म्हणजे चोरी नव्हे. नवे ब्रेक पॅड बसवले की गाडी थोडी चालवून, ब्रेक दाबून पाहावंच लागतं. सस्पेन्शनमधली टकटक लिफ्टवर ऐकू येत नाही, खडबडीत रस्त्यावर आणि गतिरोधकावरच कळते. अलाइनमेंटनंतर गाडी एका बाजूला ओढते का, हे सरळ रस्ता मिळाल्याशिवाय समजत नाही. चांगला मिस्त्री दुरुस्तीआधी एक फेरी मारतो, दुरुस्तीनंतर एक. ट्रायल न घेता गाडी हाती देणारा मिस्त्री मला जास्त धोक्याचा वाटतो.

पण या कामांना साधारण चार-पाच किलोमीटर पुरतात. एखादा दोष इंजिन चांगलं तापल्यावरच दिसत असेल तर थोडं जास्त. म्हणून मी आता जॉब कार्डावर लिहून घेते: "ट्रायल दहा किलोमीटरपर्यंत. त्यापेक्षा जास्त लागली तर फोन करून विचारावं. गाडी रात्री आवाराबाहेर जाऊ नये." या ओळी लिहायला नकार देणारं गॅरेज मला भेटलेलं नाही. कपाळाला आठ्या मात्र पाहिल्या आहेत. त्या दिसल्या तरी ओळी लिहून घ्याव्यात.

३. फास्टॅग आणि ई-चलनाचे मेसेज आपल्याच फोनवर येतात ना, ते तपासावं.

बऱ्याच घरांत गाडी एकाच्या नावावर, फास्टॅग दुसऱ्याच्या क्रमांकावर आणि वापर तिसऱ्याचा असतो. मुलानं परगावी जाण्याआधी फास्टॅग काढून दिलेला असतो आणि मेसेज त्याच्याकडे जाऊन पडतात. माझ्या बाबतीत सगळं उघडकीला आलं ते त्या एका मेसेजमुळे. सर्व्हिसिंगपुरता टॅग काढून ठेवावा असं कुणी सुचवतं, पण तो काचेवरून सोलला की निकामी होतो. तो राहू द्यावा.

गाडी गॅरेजमध्ये असतानाच्या काळातलं वेगमर्यादेचं किंवा सिग्नल तोडल्याचं ई-चलन आलं तर भरून मोकळं होऊ नये. चलनावर ठिकाण आणि वेळ असते, बहुतेक वेळा फोटोही. जॉब कार्डावरची वेळ त्याच्याशेजारी ठेवली की गाडी कोणाच्या ताब्यात होती हे दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गुन्ह्याच्या वेळी कोण चालवत होतं याची माहिती पोलिसांनी मागितल्यास मालकाला द्यावी लागते. ती गॅरेजकडून लेखी मागावी.

४. कायदा दीडशे वर्षांपासून आपल्या बाजूनं आहे.

मला सगळ्यात जास्त बळ याच माहितीनं दिलं. भांडताना आपल्याला वाटतं की आपण कुरकुर करतोय, फार तर दोन-तीनशे रुपयांच्या पेट्रोलचा प्रश्न आहे. तसं नाही. विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झाल्यावर ती परत घेणं, या व्यवहाराला भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ सालापासून, नियम आहेत. त्याला निक्षेप म्हणतात. कलम १५१ सांगतं की वस्तू घेणाऱ्यानं तिची अशी काळजी घ्यावी, जशी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो. कलम १५४ आणखी पुढं जातं: ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला आणि त्या वापरात वस्तूचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावीच लागेल.

या कलमाखाली दिलेलं उदाहरण घोड्याचं आहे. एकानं दुसऱ्याला घोडा दिला, फक्त त्यानं स्वतः बसावं म्हणून. त्यानं तो घरातल्या तिसऱ्याला दिला. तिसऱ्यानं अगदी जपून चालवला, तरी घोडा अपघातानं पडला आणि जखमी झाला. कायदा म्हणतो, भरपाई द्यायची. जपून चालवला होता, हा बचाव चालत नाही, कारण मुळात तो वापरच परवानगीबाहेरचा होता. दुसऱ्या उदाहरणात कलकत्त्याहून बनारसला जाण्यासाठी भाड्यानं घेतलेला घोडा कटककडे नेला जातो. निकाल तोच. "ताई, आमच्या मुलानं गाडी एकदम सांभाळून चालवली, एक ओरखडा नाही" हे मला गॅरेजच्या मालकानं तीन-तीनदा ऐकवलं, तेव्हा मला तो घोडा आठवत होता.

भिंतीवर किंवा पावतीच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं असतं, "गाडी मालकाच्या जबाबदारीवर". त्यानं दबून जाऊ नये. दिल्लीत १९९८ साली एका पाहुण्याची मारुती झेन हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेली. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या नावानं तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की किल्ली स्वीकारल्यावर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलनं आधी दाखवायला हवं. ते न दाखवता केवळ मालकाच्या जबाबदारीच्या छापील ओळीमागं लपता येणार नाही. प्रकरण हॉटेलच्या पार्किंगचं होतं, गॅरेजचं नव्हे. पण किल्ली घेण्याबरोबर काळजीचं ओझंही घेतलं जातं, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडतं.

आणि मालकाच्या संमतीवाचून गाडी नेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ खाली वेगळा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुरुस्तीसाठी दिलेली संमती ढाब्यावर जाण्याची नसते, असं माझं ठाम मत आहे.

५. गाडी कोण हलवतं, हे विचारावं.

वॉशिंगच्या रॅम्पवर चढवणं, लिफ्टवरून उतरवून रस्त्यावर लावणं ही कामं बऱ्याच ठिकाणी हाताखालची पोरं करतात. त्यांच्यातल्या किती जणांकडे परवाना असतो? विम्याच्या पॉलिसीत अट असते की चालवणाऱ्याकडे वैध परवाना हवा. तो नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. अल्पवयीन मुलाचं प्रकरण तर याहून गंभीर. कल्याणीनगरच्या मे २०२४ मधल्या अल्पवयीन चालकाच्या अपघातानंतर पुण्यात घराघरात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ ची चर्चा झाली: अल्पवयीन चालकानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आपल्याला ते ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध केलं तर मालक सुटतो. पण सिद्ध करायचं मालकानं. जॉब कार्डावर लिहून घेतलेल्या ट्रायलच्या त्या ओळी इथंही कामाला येतात.

६. डॅशकॅम बसवलेला असेल तर चालू ठेवावा, आणि आहे हे सांगावं.

इंजिन सुरू झालं की रेकॉर्डिंग सुरू होतं, त्यामुळे गाडी कधी आणि कुठं फिरली याचा पुरावा आपोआप तयार होतो. आतला आवाजही टिपला जात असेल तर तेही गॅरेजला सांगून ठेवावं. कामगारांची गप्पांमधून हेरगिरी करण्याचा हेतू नसावा. नव्या गाड्यांच्या अ‍ॅपमध्ये ठरावीक परिसराबाहेर गाडी गेली की सूचना येण्याची सोय असते, ती दोन दिवस लावून ठेवली तरी पुरते.

७. गाडी रिकामी करून द्यावी.

कप्प्यातलं चेकबुक, घराची जादा किल्ली, सोसायटीच्या फाटकाचा रिमोट, सगळं काढावं. स्क्रीनवरच्या नकाशात "घर" म्हणून जपलेला पत्ता आणि ब्लूटूथनं उतरलेली फोनची यादीही पुसावी. एकट्या राहणाऱ्या बायकांनी तर नक्कीच.

८. "त्या पोराला काढून टाकलं" हे उत्तर मान्य करू नये.

मला हेच सांगण्यात आलं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, नुकताच लागलेला, त्याला म्हणे त्याच दिवशी घरी बसवलं. मालकाची अपेक्षा होती की आता माझं समाधान होईल. मला मात्र अस्वस्थ वाटलं. संध्याकाळी शटर ओढल्यावर गाड्यांच्या किल्ल्या कुठं असतात? कपाटाला कुलूप असतं का? रात्री गाडी बाहेर गेली तर वहीत नोंद होते का? फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण कुणी पाहतं का? हे प्रश्न मी विचारले आणि एकाचंही सरळ उत्तर मिळालं नाही. किल्ल्या काउंटरमागच्या खिळ्यांवर उघड्या टांगलेल्या मी स्वतः पाहिल्या. त्या मुलाला किल्ली देणारा फोरमन तिथंच काम करत होता.

मुलानं चूक केली, आणि ती लहान नव्हती. पण कलम १५१ मधली काळजी घेण्याची जबाबदारी गॅरेजची आहे, महिन्याच्या पगारावर ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या पोराची नव्हे. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला बाहेर काढून जागा होती तशीच ठेवायची, हे मला पटत नाही. मी लेखी मागितलं ते असं: किल्ल्यांसाठी कुलूपबंद पेटी, गाडी बाहेर नेताना किलोमीटर आणि नाव लिहिण्याची वही, मजुरीची परतफेड आणि टोलचे पैसे. शेवटच्या दोन गोष्टी आठवड्याभरात मिळाल्या. पेटी आणि वहीसाठी पुन्हा पुन्हा पाठपुरावा करावा लागला. माझी गाडी तर परत आलेलीच होती, तिथं उभ्या असलेल्या इतरांच्या गाड्यांसाठी तो पाठपुरावा मला महत्त्वाचा वाटला.

९. बिल अडवू नये, तक्रार राखून भरावं.

रागाच्या भरात "एक पैसा देणार नाही" म्हटलं की गाडी अडकते. करार कायद्याच्याच कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर कारागिरी केली तिचे पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला असतो. म्हणून बिल भरावं, पण आपल्या आणि त्यांच्या अशा दोन्ही प्रतींवर "गाडीच्या अनधिकृत वापराबद्दलची तक्रार राखून रक्कम भरली" असं लिहून सही करावी. त्याच दिवशी फोटो, टोलचे मेसेज आणि जॉब कार्ड जोडून ईमेल पाठवावा. गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्रात दिली असेल तर प्रत कंपनीच्या ग्राहक विभागालाही.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, गॅरेज कुठल्याही गावात असो. मुदत दोन वर्षांची असते. कॅमेऱ्याचं चित्रण मात्र तितके दिवस कुणी ठेवत नाही, त्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच ईमेलमध्ये करावी.