पैनगंगा-कयाधूचे पूर आणि हदगाव तालुक्याची सिद्धता

मराठवाड्याच्या पाणीप्रश्नाची चर्चा बहुधा टंचाईपासून सुरू होते आणि टंचाईपाशीच थांबते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील हदगाव तालुक्यास मात्र पाण्याची दोन्ही रूपे परिचित आहेत. उन्हाळ्यात कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून बसणारा येथील शेतकरी भाद्रपदात नदीकाठच्या पिकावरून वाहणारे गढूळ पाणी पाहतो. पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्ह्याचा उमरखेड तालुका आहे. नदी एकच, परंतु तिचे दोन काठ दोन जिल्ह्यांत आणि दोन महसूल विभागांत मोडतात. पुराच्या वेळी या गोष्टीस फार महत्त्व येते.

तालुक्याच्या पूरपरिस्थितीचे मर्म दोन नद्यांच्या स्वभावभेदात आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा हदगावच्या सीमेवर येण्यापूर्वी इसापूर धरणात अडविली जाते. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर आहे. वाशीम जिल्ह्यातून निघून हिंगोली आणि कळमनुरीच्या परिसरातून वाहत येणारी कयाधू धरणाच्या खाली पैनगंगेस मिळते. तिच्यावर इसापूरसारखे मोठे धरण नाही. एका नदीचे पाणी दरवाजातून येते, दुसरीचे थेट आभाळातून. पहिलीची सूचना देता येते. दुसरीची वार्ता वरच्या अंगाच्या पर्जन्यमापकावरूनच ओळखावी लागते.

पैनगंगा दुथडी भरून वाहत असेल, तर कयाधूच्या पाण्यास तिच्यात शिरण्यास वाव राहत नाही. ते मागे तुंबते आणि लहान नाल्यांच्या मुखांतून उलटे शेतात शिरते. गावात पाऊस थांबलेला असताना, ऊन पडलेले असतानाही पाणी चढताना दिसते ते यामुळेच. अशा वेळी आकाशाकडे पाहून धोका टळला असे मानणे चुकीचे ठरते.

पावसाचे गणित

चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास महसूल यंत्रणा त्यास अतिवृष्टी समजते. हा आकडा वाचताना लहान वाटतो. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी एक कोटी घनमीटर होते. त्यातील निम्मे बारा तासांत नाल्याला लागले, तर प्रवाह सरासरी सेकंदाला सुमारे 4 हजार घनफूट होतो. आणि हे एका ओढ्याचे झाले.

पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाईल, हे जमिनीवर अवलंबून असते. येथील काळी कसदार जमीन मृगाच्या सुमारास भेगाळलेली असते. पहिले पाऊस ती पिऊन टाकते. पुढे तीच माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. जूनमध्ये ओढ्याला धार न आणणारा पाऊस सप्टेंबरमध्ये पूर आणतो तो याच कारणाने. दुर्दैवाने धरणही त्याच सुमारास भरत आलेले असते. परतीच्या पावसाला लोक सौम्य समजतात, सोयाबीनच्या काढणीची लगबग असते आणि दक्षता सैल होते. या भागापुरते बोलायचे, तर पावसाळ्याचा उत्तरार्ध हाच अधिक धोक्याचा काळ मानावयास हवा.

दिनांक 28 सप्टेंबर 2021 ची घटना याची साक्ष देते. नांदेडहून नागपूरकडे जाणारी राज्य परिवहनची बस उमरखेडजवळ दहागाव येथील नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना प्रवाहात लोटली गेली आणि जीवितहानी झाली. हा हदगाववरूनच पुढे जाणारा, नित्याच्या रहदारीचा रस्ता. मोठ्या नदीच्या महापुराची धास्ती सर्वांनाच असते, परंतु घात पुष्कळदा रोजच्या ओळखीच्या ओढ्यावर होतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. साठ सेंटिमीटर पाण्यात बहुतेक मोटारी तरंगून वाहू लागतात. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे, हे काठावरून दिसत नाही. पुलाच्या दोन्ही तोंडांशी ठळक रंगविलेली खोलीची पट्टी आणि पाणी चढताच आडवा टाकावयाचा अडसर, या दोन अल्पखर्चाच्या गोष्टी आहेत. अडसराजवळ उभा राहणारा माणूस कोण, हे मात्र आधी ठरलेले असले पाहिजे.

धरण भरावे की रिकामे ठेवावे

पूर थोपवायचा तर धरणात मोकळी जागा हवी. रब्बीसाठी आणि पिण्यासाठी ते काठोकाठ भरलेले हवे. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांतील लाभक्षेत्र इसापूरच्या पाण्यावर विसंबून आहे. ऑगस्टमध्ये सोडून दिलेले पाणी पुढील पावसाने भरून निघाले नाही, तर हरभरा-गव्हाच्या पाळ्या बुडतात. साठवून ठेवले आणि वर ढगफुटी झाली, तर एकाएकी मोठा विसर्ग सोडावा लागतो. यास्तव कोणत्या पंधरवड्यात पातळी किती राखावी, याची परिचालन सूची असते. ती पाळताना अभियंत्यावर दोन्ही बाजूंनी दडपण येते, ही वस्तुस्थिती आहे. खालच्या गावांनी धरण रिकामे ठेवण्याचा आग्रह धरण्यापेक्षा विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढावा आणि प्रत्येक टप्प्याची सूचना वेळेवर मिळावी, हा आग्रह धरणे अधिक फलदायी होय.

सूचना मिळाली तरी ‘इतके हजार घनफूट विसर्ग’ या शब्दांनी शेतकऱ्यास काही बोध होत नाही. त्या विसर्गाचे पाणी आपल्या घाटाच्या कोणत्या पायरीवर आणि किती तासांनी येते, हे त्यास हवे असते. प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीने दर पुराची वेळ आणि पातळी वहीत नोंदवून घाटावर खूण केली, तर तीन-चार पावसाळ्यांत गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होईल.

पूररेषेबाबतही असाच गैरसमज आढळतो. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पंचवीस वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता शेकडा चार असते. निळ्या रेषेवर बांधलेले घर तीस वर्षे उभे राहिले, तर त्या काळात एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शेकडा सत्तर भरते. लाल रेषेवरील घराबाबतही ती शेकडा सव्वीस येते.

रात्रीची वेळ

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाशी 1077 या क्रमांकावर संपर्क साधता येतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील तुकडी पुण्याजवळ, तर राज्य दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे आहेत. तेथून हदगाव गाठण्यास लागणारे तास लक्षात घेता पहिली मदत गावातूनच उभी राहावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव आदी गावांना पाण्याने वेढले. जीवितहानी झाली आणि लष्करास पाचारण करावे लागले. घरात पाणी शिरू लागले, की भ्रमणध्वनीवरील संदेश वाचण्यास सवड नसते आणि वीजही बहुधा गेलेली असते. मंदिर-मशिदीचा भोंगा वीज गेल्यावर चालविण्यासाठी भारित बॅटरी, दवंडी, आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्री वा दिव्यांग आहे याची पोलीस पाटील व सरपंच यांच्याजवळील यादी, ही सिद्धता मे महिन्यातच व्हावयास हवी. पोहणाऱ्या भोई बांधवांची नावे, दोरखंड आणि हवा भरलेल्या ट्यूब कोठे आहेत, हेही त्याच यादीत असावे. जनावरांची दावी वेळीच सोडली तर ती बहुधा स्वतःहून उंचवट्याकडे जातात. गोठ्यात बांधलेली मात्र दावणीलाच बुडतात.

पाणी ओसरल्यावर विहिरीचा उपसा करून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. खरवडून गेलेल्या जमिनीचा आणि पिकाचा पंचनामा होईपर्यंत बांधाच्या जुन्या खुणा हलवू नयेत. पुढील मोजणीस त्याच उपयोगी पडतात.