बँड दिसला, म्हणून रिसेप्टर मिळाला का?

लाल विंचवाचा दंश म्हणजे काय, हे रायगडच्या कोकणपट्टीत वेगळं सांगावं लागत नाही. विषामुळे मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्या राहतात, ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचा लोंढा सुटतो, दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ही धोक्याची लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पुढे प्राझोसिन देऊन रुग्ण वाचवले. ही गोळी विषाला हात लावत नाही. ॲड्रेनालिन जिथे बसतं ती अल्फा-१ रिसेप्टरवरची जागा अडवते. हेच रिसेप्टर अभ्यासासाठी कीटकपेशींत बनवायला बसणाऱ्यांनी एवढं मनात पक्कं धरावं, असं मी कळकळीने सांगेन: औषध धरून ठेवतो तोच रिसेप्टर, बाकीचं नुसतं प्रथिन.

या कामात हात पोळतात ते नेमके इथेच. यासाठी वापरतात त्या एसएफ-९ पेशी मूळच्या अमेरिकन लष्करी अळीच्या, आपल्या मक्यावर २०१८पासून आली तीच ही अळी. २७ अंशांवर वाढवलेल्या या पेशींत बॅक्युलोव्हायरस हा विषाणू रिसेप्टरचा जनुक पोचवतो, पण तो जनुक चालू करणारा पॉलिहेड्रिनचा प्रमोटर जागा होतो तो संसर्गाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. तोवर पेशीची प्रथिनं घडवणारी यंत्रणा मोडकळीला आलेली असते. तिसऱ्या दिवशी वेस्टर्न ब्लॉटवर ठसठशीत बँड येतो खरा, पण नीट घडलेला रिसेप्टर आणि चुकीची घडी पडलेला, दोन्ही त्यात एकत्र असतात. म्हणून ४८ तासांपासून थोडाथोडा नमुना काढावा आणि पेशीपटलावर ट्रिटियमयुक्त प्राझोसिन किती बसतं ते मोजावं.

मग मानवी पेशीच का वापरू नयेत, असं कोणी विचारेल. शर्करेची जोडणी मानवी हवी असेल तर जरूर वापराव्यात. पण याच कुळातल्या बीटा-२ रिसेप्टरची २००७ची स्फटिकरचना एसएफ-९मधूनच आली, आणि तिथेही अल्प्रेनोलॉल या औषधाच्या स्तंभाने औषध धरणारे रेणू निवडून घेतले होते. किरणोत्सारी चाचणी महाग, परवान्याची कटकट, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी निकामी प्रथिनाच्या शुद्धीकरणात जाणारे महिने त्याहून महाग. कीटकपेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल कमी असतं, तेव्हा रिसेप्टर पटलातून सोडवताना डिटर्जंटबरोबर कोलेस्टेरॉल हेमिसक्सिनेट घालावं. रिसेप्टर टिकावा म्हणून बफरमध्ये प्राझोसिन घालणंही योग्यच, फक्त मोजणी त्याआधी उरकावी. नाहीतर जागा आधीच भरलेली असते आणि चांगला रिसेप्टरही चाचणीत मेलेला दिसतो.