गाडीतली स्क्रीन शिकवते वाटून घ्यायला



गाडीत बसलं की मुलांचं लक्ष आधी समोरच्या स्क्रीनकडे जातं. गाणी, नकाशा, फोन सगळं तिथंच. माहिती आणि मनोरंजन एकत्र देणाऱ्या या यंत्रणेला 'इन्फोटेनमेंट' म्हणतात. मुलांना एक प्रश्न विचारून बघा : कुठल्याही कंपनीचा फोन कुठल्याही गाडीला ब्लूटूथने कसा काय जोडला जातो?

कारण ब्लूटूथचे नियम कंपन्यांनी मिळून ठरवलेत. असे सर्वांनी पाळायचे नियम म्हणजे सामायिक मानक. मुक्त स्रोत म्हणजे ओपन सोर्स ही वेगळी गोष्ट. त्यात नियमच नव्हे, तर प्रत्यक्ष प्रोग्रामही खुला असतो. तो वाचा, बदला, वापरा. फक्त परवान्याच्या अटी पाळा.

पूर्वी प्रत्येक गाडी कंपनी यासाठी वेगळं सॉफ्टवेअर करून घ्यायची. तेच काम पुन्हा पुन्हा! म्हणून २००९ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, इंटेल वगैरे कंपन्यांनी 'जेनिव्ही' ही संघटना काढली. आज तिचं नाव 'कोव्हेसा' आहे. २०१२ मध्ये लिनक्स फाउंडेशनने 'ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स' हा प्रकल्प सुरू केला. त्यात टोयोटाबरोबर टाटांच्या मालकीची जग्वार लँड रोव्हरही सुरुवातीपासून होती. पुढे टोयोटाच्या २०१८ च्या कॅमरी गाडीत हे सॉफ्टवेअर आलं. नव्या यंत्रणेचं ७० ते ८० टक्के काम यातून तयार मिळतं, असं प्रकल्पाचं म्हणणं आहे. उरलेल्या भागात, म्हणजे दिसणं, सोय, वेग यांत, कंपन्या स्पर्धा करतात.

इथं एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच, "सर, मग ही कॉपीच झाली की!"

हाच आपल्या धड्याचा गाभा. लपवून केली तर ती कॉपी. इथं मूळ कर्त्याचं नाव राखावं लागतं. शिवाय लिनक्सच्या परवान्याची अट अशी, की त्यात बदल करून ते दुसऱ्याला दिलंत, तर बदललेला सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे. घेणाऱ्यावर देण्याची जबाबदारी येते.

उपक्रम : गाडी उभी असताना स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'ओपन सोर्स लायसन्स' हे पान शोधा. बऱ्याच गाड्यांत ते असतं. भलीमोठी यादी दिसेल. मुलांना सांगा, आपल्या गाडीला अनोळखी माणसांचे एवढे हात लागलेत.

पुढच्या गटकार्यात मग मुलांना एवढंच विचारा : कुणाकडून काय घेतलं, आणि त्यात आपली भर कोणती?