कऱ्हाड दोनदा का येते? : संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांसाठी

वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, कोपऱ्यात. या शब्दांतला अर्धा र मराठीला टाळता येत नाही. निमंत्रण आचार्यांना गेले की आचाऱ्यांना, दर्या म्हणायचे आहे की दऱ्या, हे त्या एका खुणेवर ठरते. छापील पानावर ती नीट दिसली की आपले समाधान होते. संगणकाचे होत नाही.

बेळगाव परिसरातल्या बोलीतील शब्दांची यादी मी काही वर्षे विद्यार्थ्यांकडून करून घेतो. कुणी फोनवर लिहून पाठवतो, कुणी इनस्क्रिप्टने, कुणी रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवणाऱ्या साधनाने. अशा यादीत 'कऱ्हाड' शोधावे तर निम्म्या नोंदी सापडतात. उरलेल्या डोळ्यांना दिसत असतात, पण शोधात येत नाहीत.

कारण सोपे आहे. युनिकोडमध्ये हा र दोन रीतींनी साठवता येतो. पहिल्या रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग पुढचे व्यंजन. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, त्यामागे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह, मग व्यंजन. दिसायला दोन्ही सारखे, आत मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲ'चेही तसेच. युनिकोडमध्ये त्याला २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. पण अ लिहून त्यावर चंद्र देण्याची जुनी रीत अजून चालूच आहे. त्यामुळे 'ॲकॅडमी' हा शब्दही दोन घरांत राहतो.

आपल्या मजकुरात काय आहे हे वर्डमध्ये तपासता येते. अक्षरानंतर कर्सर ठेवावा, कळफलक इंग्रजीवर आणून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो; पुन्हा दाबल्यास अक्षर परत येते. ०९७२ आले तर अखंड ॲ आहे, ०९४५ आले तर अ-वर चंद्र दिलेला आहे.

रोग कळला तरी दर वेळी हाताने उपचार करणे शिक्षकाला परवडत नाही. इथे ऑटोहॉटकी हा विंडोजवरचा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. त्याची स्क्रिप्ट म्हणजे नोटपॅडमध्ये लिहिलेली साधी फाइल. डावीकडे कळीचे नाव, मधे दोनदा अपूर्णविराम, उजवीकडे 'पाठव' या अर्थाचा आदेश आणि अवतरणात हवे ते अक्षर. एवढी एक ओळ पुरते. मी कॅप्स लॉक ही कळ ॲ-ला दिली आहे. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, मग ती कळ रिकामी का ठेवायची? इंग्रजीसाठी लागली तर शिफ्टसह दाबली की ती पूर्वीसारखी चालते. फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली की संगणक सुरू होताच सोय तयार असते. महाविद्यालयाच्या संगणकावर नवा प्रोग्राम टाकू देत नसतील, तर वर्डमधल्या ऑटोकरेक्टवर भागवावे.

ऱ-साठी मात्र वेगळी कळ बनवण्याची गरज नाही. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी जे-च्या जागी र आहे, शिफ्टसह ऱ. मग डी-च्या जागचे हलन्त आणि पुढचे व्यंजन. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना मी इनस्क्रिप्टचाच आग्रह धरतो, त्याचे आणखी एक कारण आहे. भारतीय लिप्यांसाठी हा आराखडा एकाच तत्त्वावर बेतलेला आहे. मराठी क ज्या कळीवर, कन्नड क त्याच कळीवर. वडोदऱ्याच्या विद्यार्थ्याला गुजराती क-ही तिथेच मिळेल. बोटे एकदाच शिकतात. विंडोज कळ आणि स्पेस बार दाबून फक्त लिपी बदलायची.

आधीच लिहिलेल्या मजकुरासाठी दुसरी स्क्रिप्ट लागते. निवडलेला मजकूर ती उचलते, अदलाबदल करते आणि परत ठेवते. ती मी स्क्रोल लॉकवर बसवली आहे. ती कळ एरवी कुणी दाबत नाही. हिच्यात एक मोठा धोका आहे. 'अदृश्य चिन्हे सगळी पुसून टाका' असा आदेश देण्याचा मोह होतो. तसे केले की दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या 'दऱ्या'तले जोडचिन्ह जाते, उरतो साधा र आणि हलन्त, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा क्षणात दर्या होतो. वऱ्हाडातल्या र-चा रफार होऊन तो ह-च्या डोक्यावर चढतो. शुद्धलेखन तपासनीस असा 'दर्या' पकडणार नाही, कारण तोही शब्द बरोबरच आहे. म्हणून आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' बसवावे. मग अ आणि चंद्र यांच्या जागी ॲ, त्यांच्या मधे जोडचिन्ह असले तरीही. बाकीच्या अदृश्य चिन्हांना हात लावू नये. जोडाक्षर मुद्दाम मोकळे दाखवायला ती कुणी घातलेली असतात.

ही स्क्रिप्ट साधा मजकूर परत ठेवते, म्हणजे ठळक आणि तिरपी अक्षरे जातात. तळटीपा असलेल्या लेखावर ती चालवू नये. तिथे वर्डमधील शोधा-आणि-बदला हीच सोय, त्याच क्रमाने वापरावी.

दोन रीतींपैकी मी ऱ का निवडतो, असे विचारले जाते. अदृश्य चिन्ह प्रवासात टिकेल याचा भरवसा नसतो. आपल्याकडच्या अनेक मुद्रणालयांत युनिकोड मजकूर अजूनही जुन्या फाँटात रूपांतरित करून जुळवला जातो, आणि तिथे न दिसणारे चिन्ह गळण्याचा संभव असतो. ऱ हे दिसणारे अक्षर आहे. गेलेच तर मुद्रितशोधकाला त्याची जागा तरी रिकामी दिसते.