ट्रकचालक आणि सावध करणारे यंत्र

आजचे युग यंत्राचे आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु ज्याच्या हाती यंत्र दिले जाते त्याला त्याविषयी काय वाटते, हे क्वचितच विचारले जाते. आपले तिवसा नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. पूर्वीचा क्रमांक 6 चा हा मार्ग आज 53 म्हणून ओळखला जातो. माझे वडील याच मार्गावर ट्रक चालवितात, आणि घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून वडिलांशी व धाब्यावर थांबणाऱ्या काही चालकांशी बोलून हा लेख लिहीत आहे.

श्रम वाचविणाऱ्या यंत्रांना चालकांचा विरोध नाही. पॉवर स्टिअरिंगमुळे खांदे वाचले, असे सारेच सांगतात. नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये 2025 पासून वातानुकूलन आवश्यक झाले. वऱ्हाडातील मे महिन्याचे ऊन ज्याने सोसले, त्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

वेगनियंत्रकाबद्दल मात्र नाराजी दिसते. 2015 च्या अधिसूचनेनुसार मालवाहू वाहनांना ताशी 80 किलोमीटरची मर्यादा घालणारे हे यंत्र आले. ज्याला खेपेप्रमाणे पैसे मिळतात, त्याचा वेग कमी झाला की कमाईही कमी होते. तेव्हा राग यंत्रावर दिसला, तरी त्याचे मूळ मजुरीच्या पद्धतीत आहे.

आता इशारा देणारी यंत्रे येत आहेत. मोठ्या वाहनांत आपोआप ब्रेक लावणारी, पट्टा सुटल्यास व झोप येऊ लागल्यास सावध करणारी व्यवस्था असावी, असा मसुदा केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध केला. नागपुरात 2021 मध्ये 'आयरास्ते' उपक्रमात शहर बसगाड्यांना अशी सावध करणारी यंत्रे बसविण्यास सुरुवात झाली. त्यांच्या नोंदींवरून रस्त्यावरील धोक्याच्या जागा शोधणे, हाही तेथील एक उद्देश होता.

ट्रकचालकांची शंका या नोंदींविषयीच आहे. यंत्राने चालकाला सांगितले तर तो सोबती. मालकाला सांगितले तर तो चुगलखोर!

एकदा पहाटे वडिलांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उतरली. कोणाला इजा झाली नाही. ही गोष्ट त्यांनी घरीही सांगितली नव्हती. या लेखाच्या निमित्ताने मला सांगितली व लिहिण्याची परवानगी दिली. "असं यंत्र असतं तर बरं झालं असतं न, बाबा?" मी विचारले. ते म्हणाले, "मशीन उठवीन रे, पन झोपू कोन देईन? हे लिहिजो तुह्या पुस्तकात."

या एका प्रश्नात साऱ्या विषयाचे सार आहे, असे मला वाटते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग पाच तास कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. म्हणजे चालकाला विसावा हवा, हे साठ वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. पण माल वेळेत पोचविण्याच्या घाईत तो विसावा रस्त्यातच हरवतो.

तेव्हा यंत्र अवश्य यावे. मी त्याचे स्वागतच करतो. परंतु त्याच्या नोंदी शिक्षेसाठी न वापरता रस्ता व कामाचे तास सुधारण्यासाठी वापराव्यात. इशारा वाजल्यावर गाडी बाजूला घेऊन तासभर झोपणाऱ्याचे पैसे कापले जाऊ नयेत. एवढे झाले, तर चालक स्वतःच ते यंत्र मागून घेतील आणि पहाटे दाराकडे कान लावून बसणाऱ्या घरांनाही थोडी झोप मिळेल.