दाढ दुखायची थांबली, तरी सूज बघा

दाढ ठणकू लागली की माणूस धावपळ करतो आणि ठणका थांबला की निर्धास्त होतो. पण घाई कधी करायची हे नुसत्या वेदनेवरून ठरवता येत नाही. दाताच्या आतली नस कठीण भिंतींत कोंडलेली असते, म्हणून तिला सूज आली की रात्रभर डोळा लागत नाही. तीच नस मेली की दुखणे शमते, जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. खालच्या शेवटच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचलेली असतात, त्यामुळे तिथला पू हनुवटीखाली आणि गळ्याकडे पसरतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही जीव घेऊ शकतो. म्हणून जबड्याखाली वाढणारी सूज, तोंड नीट न उघडणे, थुंकी गिळता न येणे, बदललेला आवाज किंवा सुजेबरोबर ताप दिसला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. थेट मोठे रुग्णालय गाठा. श्वास अडत असेल तर १०८ ला फोन करा. सूज डोळ्याकडे चढत असेल तरीही थेट मोठे रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर संसर्ग फार झपाट्याने पसरू शकतो.

'मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि बरे वाटले,' असे पुष्कळजण सांगतात. ते खोटे नसते. पण मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच उरत नाही, मग रक्तातून येणारे औषध तिथे पोचणार कसे? मूळ दुखणे आत तसेच राहते. 'सूज असताना दाताला हात लावू नये' या समजुतीलाही थोडा आधार आहे, कारण सुजलेल्या जागी भुलीचे इंजेक्शन कमी चालते. तरी भूल लांबच्या नसेजवळ देता येते, पू वाट करून बाहेर काढता येतो, आणि तो जितका लवकर निघेल तितके बरे. खर्चाची चिंता खरीच आहे, पण वेळेवर पू काढण्याचा खर्च अतिदक्षता विभागातल्या दिवसांपेक्षा खूपच कमी असतो. शासकीय दंत महाविद्यालयांतही हे उपचार होतात.

उलट, खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला तर दुखणे फारसे नसेलही, पण तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व असते. दाताच्या पांढऱ्या भागाला धरा, मूळ घासू नका, माती लागली असेल तर क्षणभर पाण्याने धुवा आणि जागेवर बसवा. जमले नाही तर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्या. दुधाचा दात मात्र परत बसवू नका. त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.