सुट्टीतील चित्रवही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई-ठाण्याकडील कितीतरी मुले आजोळी जावयास निघतात. कोणी कोकणात जाते, कोणी घाटावर जाते, तर कोणाचे आजोळ अगदी जवळ, कल्याण-कर्जत मार्गावरील एखाद्या खेड्यात असते. महिना-दीड महिना मजेत जातो. पुढे शाळा उघडते आणि गुरुजी विचारतात, "सुट्टीत काय पाहिलेस?" उत्तर ठरलेले असते. डोंगर पाहिला, नदी पाहिली, देऊळ पाहिले. "डोंगर कसा होता?" असे त्यांनी पुढे विचारले की मात्र बोलणे अडखळते. 'मोठा होता' यापलीकडे काही सांगता येत नाही. डोळ्यांसमोरून पुष्कळ गेले, पण मनात फारच थोडे उरले, असा याचा अर्थ होय.

ही उणीव भरून काढण्याचा एक सोपा उपाय आहे. तो म्हणजे प्रवासात चित्रवही जवळ बाळगणे. या वहीस मोठा खर्च लागत नाही. हातात मावेल एवढी कोऱ्या कागदांची वही, मागे टेकण्यासाठी जाड पुठ्ठा आणि एक शिसपेन्सिल एवढे साहित्य पुरते. रंगांची पेटी असली तर उत्तमच, नसली तरी अडत नाही. खोडरबर तर घरीच ठेवावा. चुकलेली रेघ पुसत बसण्यापेक्षा तिच्याशेजारी बरोबर रेघ ओढावी, म्हणजे आपण कोठे चुकलो होतो हेही पुढे पाहावयास मिळते. प्रत्येक चित्राखाली गावाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी.

समजा, असा एक मुलगा चित्रवही घेऊन मामाच्या गावी निघाला आहे. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात, बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान, चामटोली नावाचे गाव आहे. तेच त्याचे आजोळ. गाडी बदलापूर सोडून कर्जतच्या दिशेने निघाली की उजव्या हातास माथेरानची डोंगररांग दिसू लागते, आणि डाव्या हातास उल्हास नदीचे खोरे पसरलेले असते. बोरघाटाच्या बाजूला उगम पावणारी ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण या गावांवरून वाहत जाऊन वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते.

पहिल्याच सकाळी मुलगा वही घेऊन शेताच्या बांधावर बसतो. समोर डोंगर असतात. तो झरझर दोन त्रिकोण काढतो, मधल्या खाचेत अर्धा सूर्य, त्रिकोणांच्या पायथ्यापासून निघालेली नागमोडी नदी, काठावर एक झोपडी आणि एक माड. पाच मिनिटांत चित्र पुरे होते. मामा मागे येऊन उभा राहतो आणि विचारतो, "अरे, हा माड कोठे दिसला तुला?" मुलगा मान वर करून पाहतो. बांधावर आंब्याचे झाड आहे, पलीकडे पिवळ्याधमक फुलांनी लवलेला बहावा आहे, माड मात्र कोठेच नाही. सूर्य डोंगरांच्या खाचेत नसून मुलाच्या पाठीमागे आहे. आणि डोंगर? त्यांतला एकही त्रिकोणी नाही!

या मुलाने जे काढले ते चामटोलीचे चित्र नव्हते. शाळेत पाठ झालेले चित्र त्याने कागदावर उतरविले होते. आपण सगळेच पुष्कळदा असे करतो. समोरची वस्तू पाहण्याऐवजी ती कशी असते हे आधीच ठरवून टाकतो. चित्रवहीचा पहिला धडा हाच की, जे माहीत आहे ते काढू नये, जे दिसते तेच काढावे.

मुलगा पान उलटतो आणि पुन्हा पाहू लागतो. या वेळी त्याला दिसते की, चंदेरीचा डोंगर एका अंगाने सावकाश चढत जातो आणि माथ्याजवळ एकाएकी उभा राहतो. त्याच्या शेजारी दगडाचा सुळका वर आलेला आहे. रांगेतील काही डोंगरांचे माथे सपाट आहेत. उतारांवर आडव्या रेघा आखाव्या तसे पट्टे आहेत; एक पट्टा उभ्या काळ्या कड्याचा, त्याखालचा उतरत्या झाडीचा, पुन्हा एक कड्याचा. या पट्ट्यांस कारण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचून थंड झाला. त्यांतील कठीण थर कड्यांच्या रूपाने टिकून राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. भूगोलाच्या पुस्तकातील हे वाक्य मुलाने परीक्षेसाठी पाठ केले होते. ते डोंगरावर लिहिलेले आहे, हे त्यास पेन्सिल हातात घेतल्यावर कळले.

डोंगर किती उंच काढावा आणि झाड किती, हा प्रश्न त्याला पडतो. त्यासाठी चित्रकार एक साधी युक्ती वापरतात. हात पुढे ताठ धरून पेन्सिल उभी करावी, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीचे टोक झाडाच्या शेंड्याशी जुळवून बुंध्यापर्यंतचे अंतर अंगठ्याने पेन्सिलीवर धरावे. मग तेच माप डोंगरावर धरून पाहावे. मुलगा तसे करतो आणि थक्क होतो. जवळचा आंबा दूरच्या डोंगराहून उंच भरतो! मन डोंगराला मोठा म्हणत होते, पण येथून पाहणाऱ्या डोळ्याला तो लहान दिसत होता.

दुपारी उन्हात बाहेर जाणे बरे नव्हे. त्या वेळी घरातील वस्तू काढाव्या. कोपऱ्यातील जाते, भिंतीशी टेकलेले मुसळ, धान्याची कणगी, आजीची विळी. ज्या वस्तूचे चित्र काढावयाचे तिचे नाव विचारावे लागते, आणि नाव विचारले की तिची हकीकत ऐकावयास मिळते. आजी सांगते की, त्या जात्यावर तिने आणि तिच्या सासूने मिळून किती पहाटे दळण दळले. मुलगा जात्याचा खुंटा काढतो. तो एका बाजूने गुळगुळीत झिजलेला आहे हे त्याच्या ध्यानात येते. त्या झिजेखाली तो आजीचे नाव लिहितो. माणसांचे चित्र काढताना मात्र त्यांना आधी विचारावे. कोणी नको म्हटले तर वही मुकाट्याने मिटावी. विहिरीच्या काठावर, रेल्वेच्या रुळांजवळ किंवा नदीच्या पात्रात बसून कधीही चित्र काढू नये.

"एवढे श्रम कशाला? फोनने छायाचित्र काढले की झाले!" असे कोणी म्हणेल. छायाचित्र उपयोगी असते यात शंका नाही. परंतु ते क्षणात निघते आणि डोळाही क्षणातच पुढे जातो. चित्र काढणाऱ्यास अर्धा तास एका जागी बसून पाहावे लागते. ज्या खुंट्याची झीज मुलाला दिसली, ती त्या अर्ध्या तासाने दाखविली.

चित्रवहीचा उपयोग केवळ तिच्या धन्यापुरता असतो असेही नाही. चामटोलीहून परतताना बदलापूरच्या पुढे अंबरनाथ लागते. तेथे वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणाचे प्राचीन शिवमंदिर उभे आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख तेथे आढळला. शिलाहार राजांच्या काळातील हे मंदिर बाहेरून खालपासून वरपर्यंत शिल्पांनी मढलेले आहे, आणि आत गर्भगृहात जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात. १८६८ साली मुंबई सरकारने या मंदिराची पाहणी करविली. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातील शिक्षक टेरी यांच्या देखरेखीखाली तरुण विद्यार्थी येथे आले. त्यांनी मंदिराची रेखाटने केली, आणि शिल्पांचे साचेही घेण्यात आले. ज्या दगडावर आज बोट ठेवले असता नाक-डोळे नीट लागत नाहीत, त्यासमोर एके काळी ही मुले पेन्सिल घेऊन बसली होती.

त्यांच्याही पूर्वी, पेशवाईच्या अखेरच्या दशकांत, पुण्यात गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचेही त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. गेंडा म्हणजे कथेतील राक्षस नव्हे, त्याच्या कातडीला अशा घड्या असतात, हे त्याने पाहून काढले. त्याची पुष्कळशी चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

चित्रे काढणाऱ्यांच्या वाट्यास दुर्दैवही आले. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ साली नेमला गेला. त्याने तेथे अनेक वर्षे काम केले. त्याच्या नकला लंडनमधील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. मग १८७२ पासून जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी यांनी अजिंठ्यास जाऊन ते काम पुन्हा हाती घेतले. तेरा वर्षे ते चालले. त्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. तरी जे वाचले त्याच्या आधारे १८९६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेण्यांतील मूळ चित्रे काळाच्या ओघात अधिकच पुसट होत गेली. त्यामुळे त्यांचा जो भाग आज दिसत नाही, तो पाहण्यासाठी अभ्यासकांना या जुन्या नकलांकडेच वळावे लागते.

थोरांच्या वहीचे हे महत्त्व झाले. शाळकरी मुलाच्या वहीचे काय? त्याचे उत्तर चामटोलीजवळच मिळते. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून कोल्हापूरकडे निघाली. मुसळधार पावसाने उल्हास नदी पात्र सोडून वाहत होती. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ, रूळ पाण्याखाली गेले आणि गाडी उभी राहिली. उजाडले तेव्हा चोहोकडे पाणीच पाणी होते. आत सुमारे १,०५० प्रवासी अडकले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, रेल्वेचे कर्मचारी आणि पोलीस धावून आले. आसपासचे गावकरीही मदतीस आले. २७ जुलै रोजी होड्यांतून सर्व प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले.

आता आपल्या मुलाच्या वहीकडे पुन्हा वळू. समजा, त्याने त्याच वर्षीच्या मे महिन्यात उल्हासचे चित्र काढले होते. पात्रात खडक उघडे पडले आहेत, मधून बारीक धार वाहते आहे, काठावर एक झाड आहे आणि त्याखाली मापासाठी मामा उभा आहे. गणपतीच्या सुट्टीत तो परत आला. काठापासून लांब, बांधावर उभे राहून त्याने तेच झाड पुन्हा काढले. या वेळी त्याला एक निराळीच गोष्ट दिसली. झाडाच्या फांद्यांत वाळलेले गवत, काटक्या आणि फाटके कापड अडकून राहिले होते, आणि ते मामाच्या डोक्याहून वर होते. पुराचे पाणी तेथवर चढल्याची ती खूण होती. मुलाने ती खूण जशीच्या तशी काढली आणि खाली तारीख लिहिली. पुढे कधी कोणी विचारले की, "पाणी कोठवर आले होते?" तर 'पुष्कळ आले होते' असे मोघम उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. तो वही उघडून दोन पाने शेजारी शेजारी धरील.

गावे बदलतात. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहतात, जुनी घरे उतरवली जातात, जाती अडगळीत पडतात. हे बदल थांबविणे मुलांच्या हाती नाही. पण जे आज समोर आहे ते नीट पाहणे, आणि जसे आहे तसे कागदावर उतरवून ठेवणे, हे त्यांच्या हाती निश्चित आहे. चित्र सुरेख असलेच पाहिजे असे नाही. ते खरे असले पाहिजे. वाकडीतिकडी परंतु खरी रेघ, सुबक परंतु पाठ केलेल्या रेघेपेक्षा अधिक मोलाची असते.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) मुलाच्या पहिल्या चित्रात कोणत्या गोष्टी खोट्या होत्या?
(आ) सह्याद्रीच्या उतारांवर आडवे पट्टे का दिसतात?
(इ) अजिंठ्याच्या जुन्या नकलांचे महत्त्व कशात आहे?
(ई) झाडाच्या फांद्यांत अडकलेल्या गवतावरून मुलाला काय समजले?

२. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : थक्क होणे, ध्यानात येणे, भस्मसात होणे, धावून येणे.

३. 'चित्र सुरेख असलेच पाहिजे असे नाही. ते खरे असले पाहिजे.' या विचाराचे पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्टीकरण करा.

४. उपक्रम : आपल्या घराच्या दारातून दिसणारे एक झाड आज काढा आणि खाली तारीख लिहा. तेच झाड, त्याच जागी उभे राहून, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पुन्हा काढा. तिन्ही चित्रे शेजारी ठेवून जे फरक आढळतील ते वहीत लिहा.